पुण्याचं घड्याळ

एप्रिलमध्ये इथे परदेशात उन्हाळा सरतो, तशी घड्याळं तासभर मागे घेतात. फायदा एकच, त्या रविवारी एक तास जास्त झोपता येतं. तोटा हा, की त्या तासात माझा नवरा स्टूल घेऊन घरभर हिंडतो आणि दिसेल ते घड्याळ फिरवतो.

टार्निटच्या आमच्या घरात भिंतीवर दोन घड्याळं होती. एक इथलं आणि एक पुण्याच्या वेळेचं, खास सासूबाईंसाठी. दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि करोनामुळे वर्षभर अडकल्या. दोनदा तिकीट काढलं, दोनदा फ्लाइट रद्द. आता तिकडे धाकट्या लेकीचं लग्न त्यांच्याशिवाय लागणार होतं. शेवटी असं ठरलं, की मंगलाष्टकं सासूबाईंनी इथून झूमवर म्हणायची. महिनाभर त्यांचा रियाज चालला होता. भात चढला की मंगलाष्टक, कपडे वाळत घातले की मंगलाष्टक. आमच्या लेकीला झोपेतही ‘सावधान’ ऐकू यायला लागलं.

लग्न नेमकं त्याच रविवारी. “तास काय पापड आहेत, आज इकडे नि उद्या तिकडे वाळत घालायला?” असं म्हणून सासूबाई पैठणी नेसायला गेल्या. नेट अडकू नये म्हणून नवऱ्याने सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकले. आयटीतला माणूस, त्याच्यापुढे आपण काय बोलणार?

मुहूर्त साडेबाराचा. पुण्याच्या घड्याळात सव्वाबारा झाले तसं आम्ही नटूनथटून झूम उघडलं. समोर नणंद मुंडावळ्या बांधून खुर्चीत बसलेली, गुरुजींचा मास्क हनुवटीवर.

“दादा, होतात कुठे? सव्वा वाजला! किती फोन केले!”

आम्ही भिंतीकडे पाहिलं. “डॅड, तू दोन्ही क्लॉक्स चेंज केलीस?” लेक किंचाळली. “इंडियात डेलाइट सेव्हिंग नसतं!”

“फ्लोमध्ये झालं गं,” नवरा म्हणाला. मला त्याला स्टुलासकट खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं.

सासूबाई मंगलाष्टकांचा कागद घेऊन स्क्रीनजवळ सरकल्या. “लागलं का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“असं कसं लागेल?” नणंद म्हणाली. “गुरुजींना दुसरा मुहूर्त शोधायला लावला. आई आल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, सांगून ठेवलंय मी.”

अंतरपाट धरला गेला. आधीच सगळे खोळंबलेत म्हणून सासूबाईंनी भरभर सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत दोन शब्द गाळून गेल्या.

अंतरपाटाआडून नणंद म्हणाली, “आई, सावकाश म्हण गं. मला कसलीही घाई नाही.”