दादाचं पायडल

माझा दादा शिंपी. सगळं आयुष्य मशीनवर गेलं, आणि शौक म्हणाल तर एकच, सिगारेट. तिनं दावा साधला. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबत गेल्या, बोटं काळी पडली, शेवटी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "उजव्या पायातही रक्त कमीच जातंय. तो हलता ठेवा, नाहीतर तोही जाईल."

नकली पाय लावून दादा दुकानात यायचा, पण खुंट सोलवटायचा, फार चालवत नसे. मग तो एका पायानं मशीन चालवायचा. पोटरी दुखली की थांबायचा, ओसरली की पुन्हा पायडल. सिगारेट सुटल्यामुळे चिडका झाला होता. मी समोर बसून काज-बटण करते, त्यामुळे खेकसणं ऐकायला पहिली मीच. तरी मला बरं वाटायचं. पाय हलत होता ना.

त्याच्या मुलाला मात्र ते बघवेना. त्यानं गुपचूप मशीनला मोटर बसवून घेतली. "बाबा, आता नुसता अंगठा टेकवायचा. खूप राबलात." वहिनीचे डोळे भरून आले. शिंप्याच्या घरात याहून मोठं सुख कुठलं? त्या कौतुकात डॉक्टरीणबाईंचं बजावणं मीही विसरले. दादानं अंगठा टेकवला, मशीन सुरू झालं. कामं भराभर उरकू लागली.

काही महिन्यांनी मोजा चढवून द्यायला मी वाकले. पाऊल गारठलेलं, पोटरी वाळलेली. मुलाला हाक मारली आणि दादाला तडक दवाखान्यात नेलं.

"रक्त आणखी कमी झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्यायाम का सोडलात?"

दादाच्या आधी मीच बोलले, "मोटर बसलीय ना!"

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, एका शब्दानं सांगायचं होतं."

"तू किती खूश होतास रे."

दुकानात शिरताच मुलानं मोटर काढली, जुना पट्टा चढवला. दादानं पायडलवर पाय ठेवला. पूर्वी एका दमात अख्खी पँट शिवून व्हायची, आता खिसा पुरा होईना. पोटरी धरून तो थांबला, दम खाल्ला, पुन्हा जोर लावला. चाक अडलं. मुलगा खाली बसला आणि पायडल दोन्ही हातांनी दाबू लागला.

"हात काढ," दादा म्हणाला.