कप्प्यात वाजणारा फोन

माझ्या दंडाला मागच्या बाजूला रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवलेली असते. साखर मोजणारी. ती दर थोड्या वेळानं आकडा फोनवर पाठवते आणि साखर फार खाली घसरली की फोन बोंबलतो. धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरांनी ती लावायला लावली; मला काही मिरवायची हौस नाही. पूर्वी साखर उतरली की घाम फुटायचा, हात कापायचे, मी पटकन काहीतरी तोंडात टाकायची. इतकी वर्षं इन्सुलिन घेऊन आता शरीर निर्ढावलंय. काहीच कळत नाही, बोलता बोलता एकदम आडवी. "तुमचा जीव आता त्या फोनच्या आवाजावर आहे," डॉक्टर सरळच म्हणाले होते.

आणि आमच्या गोदामाचा नियम काय, तर फोन गेटवर ठेवून आत जायचं.

दापोड्याच्या त्या गोदामात मी परत आलेली पार्सलं तपासायची, गेटच्या भिंतीपलीकडेच. गोदामाखाली आमच्या सासऱ्यांचं भातशेत आहे. ते मी उगाळत बसत नाही. जमीन दिली, घरातल्या एकाला नोकरी मिळाली, विषय संपला. पण जिथं बांधावरून भाकरी घेऊन जायची, तिथंच उभं राहून सिक्युरिटीवाल्याच्या विनवण्या करायच्या म्हटल्यावर डोक्यात तिडीक जाते. कधीतरी कुणीतरी आतला माल चोरला म्हणे, तेव्हापासून फोन बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"मॅडम, रूल है," सिक्युरिटीवाला म्हणायचा. मी बाही वर करून चकती दाखवली. "ये ले जाओ ना अंदर, इसको कौन रोकता है?" म्हणजे चकती चालेल, फोन नाही. अरे, फोनच जवळ नसेल तर ती चकती काय माझ्या कानात येऊन सांगणार आहे? सुपरवायझरला विचारलं, तर तो महिनाभर एकच सांगत होता, वर कळवलंय. वर कोण राहतं ते देवाला ठाऊक.

मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी मी सुई घेतली, डबा उघडला आणि तेवढ्यात मालाची गाडी दाराला लागली. "चला चला, आधी गाडी, मग जेवा," सुपरवायझर ओरडला. इन्सुलिन पोटात, म्हणजे अंगात गेलेलं आणि भाकरी डब्यातच. थोड्या वेळानं मी पार्सलांवर भलतीच लेबलं चिकटवायला लागले. हे मला आठवत नाही, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं. सुपरवायझर मला झापत होता आणि मी म्हणे त्याच्याकडे बघून हसत होते. तिनं त्याला बाजूला सारलं, चहाच्या खोलीतून साखर आणली आणि माझे ओठ ओले करून चिमूटचिमूट भरवली. शुद्धीवर आले तेव्हा मी पुठ्ठ्यांवर पडलेली आणि ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

सुटताना गेटवर फोन घ्यायला गेले, तर फोन सायलेंटवर. सिक्युरिटीवाला म्हणाला, "बहुत बज रहा था मॅडम, साहब की मीटिंग थी, तो बंद कर दिया." तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीपलीकडे मी मरायला टेकले होते, ते माझ्या फोननं बोंबलून बोंबलून सांगितलं आणि ह्यांनी त्याचं तोंड दाबलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. साहेब फार गोड बोलले. तुमची आम्हाला काळजी आहे वगैरे. मैत्रीण म्हणाली, "काळजी नको साहेब, हिला वेळेवर जेवू द्या न् फोन जवळ ठेवू द्या." साहेबांनी मान डोलावली आणि चार दिवसांनी माझी ड्युटी बदलली. बायकांच्या तपासणीला गेटवर. तिथं फोन जवळ ठेवता येतो. माझा फोन माझ्यापाशी, आणि बाकीच्या सगळ्या बायांचे फोन काढून कप्प्यात ठेवायचं काम माझं! काय डोकं चालवलंय मेल्यांनी. पहिल्या सकाळी मैत्रिणीनं फोन माझ्या हातात दिला. "घे गो," एवढंच बोलली आणि आत गेली. मला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता.

आठवडाभरातच दुपारी तिचा फोन कप्प्यात वाजायला लागला. थांबला. परत वाजला. परत.

"साइलेंट कर दो," सिक्युरिटीवाला म्हणाला.

मी कप्पा उघडला, फोन घेतला आणि सरळ आत चालायला लागले. तो मागून "मॅडम, रूल है" करत होता. आत सगळ्या बाया हातातलं काम सोडून बघत होत्या. मी वाजणारा फोन तिच्या हातात दिला. तिनं ऐकलं आणि मला म्हणाली, "गॅसवाला दारात उभा हाय. नणंदेला पुस्तक सापडत न्हाय." मग फोनमध्ये, "कपाटावर हाय ग, डब्याखाली."

सुपरवायझर धावत आला. "गॅस सिलिंडरसाठी फोन आत आणलात तुम्ही?"

"कशासाठी वाजतोय ते बाहेरून कसं कळणार?" मी म्हटलं. "वाजत होता, आणून दिला. उद्या वाजला तर उद्याही आणून देईन."