जांभळं पाणी आणि एक थेंब

मंडळी, आज इथे आखातात, आमच्या मरीना भागातल्या बिल्डिंगचा स्विमिंग पूल थंडीसाठी दोन महिने बंद केला. त्याआधी पाणी तपासून बरोबर करायचं, हे माझं काम.

सकाळी क्लोरीनचा जादा डोस दिला होता. दुपारी नव्या इंजिनिअर साहेबांनी तपासणीच्या बाटलीत पीएचचे थेंब टाकले, तर पाणी गडद जांभळं.

"पीएच फार चढलाय, काका. यल्ला, चला, ॲसिड ओता."

"साहेब, हा रंग जादा क्लोरीनमुळे दिसतोय. उगाच ॲसिड ओतलं तर दोन महिन्यांत टाइल्सचे सांधे खाऊन टाकेल."

"कशावरून?"

मी हात कोपरापर्यंत बुडवून नवं पाणी घेतलं. आधी क्लोरीन मारणारा एक थेंब टाकला, मग पीएचचे पाच. रंग नारिंगी-लाल. साडेसात, हवा तेवढाच.

साहेबांनी बाटली उजेडात धरून दोनदा पाहिली. "कोर्स कुठे केलात?"

"किटच्या डब्यातला कागद डिक्शनरी घेऊन वाचला."

मी दहावी नापास माणूस. पण आज रिपोर्ट पुढे करून साहेब म्हणाले, "काका, आधी तुमची सही."

तुम्ही कुणी न शिकवता काय शिकलात? सांगा, मला खरंच वाचायचंय.