गाइडला गाव दाखवणारे मामा

जिथे गाइड मिळेल तिथे जायचं आणि मग त्या गाइडलाच सगळं गाव दाखवून आणायचं, हा उद्योग करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष. मामांनी म्युनिकला एका मोटारींच्या कंपनीत उभी हयात गिअरबॉक्समध्ये घालवली आणि रिटायर झाल्यावर ते आणि मामी म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला, आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आले. तेव्हापासून आमचे शनिवार-रविवार आमचे राहिले नाहीत. बव्हेरियातला एक किल्ला, एक राजवाडा, एक पडकी भिंत मामांनी सोडली नाही आणि एकाही ठिकाणच्या गाइडला वाक्य पुरं करू दिलं नाही. गाइडने तोंड उघडलं की मामांच्या उजव्या हाताचं बोट वर जातं. "आल्झो, मोमेंट," म्हणजे हं, एक मिनिट, असं म्हणून ते एक पाऊल पुढे येतात, आणि त्यानंतर त्या गाइडचा आवाज पुन्हा ऐकू येतो तो थेट निरोप घेताना.

बरं, प्रश्न तरी चारचौघांसारखे असावेत. एका राजवाड्यात गाइडबाई छतावरचं प्रचंड चित्र दाखवत होत्या. आम्ही सगळे माना वर करून देवदूत बघत होतो. मामांना त्या देवदूतांच्या वरच्या छपराचं पावसाचं पाणी कुठून जातं ते हवं होतं. शिवाय जिन्याच्या पायऱ्या केवढ्या उंच, कठडा कुठल्या हाताला, गच्चीवर वारा कुठून येतो, दुपारी अंगणात सावली असते का. बाईंना यातलं काही सांगता येईना. मामांनी अंदाजाने सगळ्याची उत्तरं स्वतःच दिली, आणि बघता बघता सगळा जर्मन घोळका बाईंना सोडून मामांच्या मागे चालू लागला. बाई उंच धरलेल्या छत्रीसकट एकट्या उभ्या. निघताना मामांनी त्यांना धीर दिला. "तुमची तयारी चांगली आहे. थोडं वाचन वाढवा," ते म्हणाले. पुढच्या वेळी त्या बाईंनी आम्हाला लांबून पाहिलं आणि त्या दुसऱ्या घोळक्याबरोबर निघून गेल्या.

या सगळ्यात मामी कुठे असतात, तर फाटकाजवळच्या पहिल्या बाकावर. त्यांचे गुडघे फार वर्षांपासून दुखायचे. कुठेही गेलं की त्या सगळ्यांच्या बॅगा शेजारी मांडून घेत आणि म्हणत, "मी बसते इथे. तुम्ही बघून या." मग मामा बघून यायचे. आले की बाकासमोर उभे राहून छत्रीच्या टोकाने खडीवर नकाशा काढायचे आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत सगळं सांगायचे. मामी संत्रं सोलत असत. अधूनमधून "हं" म्हणत. त्या ऐकत नाहीत अशी माझी खात्री होती, कारण इतकं ऐकणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. पायऱ्यांची उंची, सावली, वारा हे प्रश्न मामा कुणासाठी गोळा करत हिंडतात, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. ज्या माणसाला जागा बसल्याजागी दाखवायची आहे, त्याला देवदूत सांगून भागत नाही.

मामांचा खरा जीव मात्र अडकला होता मेसोपोटेमियात. नोकरीच्या सुरुवातीला कंपनीच्या कामाने ते बर्लिनला गेले होते. तिथल्या म्युझियममध्ये बॅबिलोनची निळ्या विटांची वेस उभी केलेली आहे, ती त्यांनी पाहिली. बैल, सिंह, सगळं विटेतच घडवलेलं. त्या वेशीखालून मामा आत गेले आणि पलीकडे निघाले तर पुढे कॉफीचं दुकान. हा धक्का त्यांना आजपर्यंत पचलेला नाही. "वेस इथे आणि गाव तिथे," ते म्हणत. "जावईबापू, मी वेशीतून आत गेलेला माणूस आहे. आता गाव बघायला नको का?" आणि त्या मुलखातलं त्यांचं लाडकं गाव म्हणजे ऊर. इराकच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला, तिथे चार हजार वर्षांपूर्वीचा विटांचा एक चौथरा आहे, टेकडीएवढा. त्याला झिगुरात म्हणतात. वरचं देऊळ कधीच गेलं, पण पायऱ्या चढून माथ्यावर जाता येतं. त्या माथ्यावर एकदा उभं राहायचं, एवढी एकच इच्छा मामांनी तीस वर्षं बाळगली होती. बाकी त्यांना काही म्हणजे काही नको होतं. गाडीसुद्धा त्यांनी तीच जुनी ठेवली.

जाणं होईना म्हणून त्यांनी ऊरच घरी आणलं. आमच्या सोसायटीच्या मागे मुलांसाठी वाळूचा हौद आहे. तिथे एका रविवारी मामांनी झिगुरात बांधायला घेतला. आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून मूळ बांधकामात भोकं ठेवलेली आहेत. तीही पेन्सिलीने पाडली आणि वरून झारीने पाणी ओतून दाखवलं. पोरं "नोख माल, ओपा," म्हणजे आजोबा, पुन्हा, असा गिल्ला करू लागली. रविवारच्या शांततेचा भंग म्हणून हाउसमाइस्टर, म्हणजे सोसायटीचा रखवालदार, तावातावाने खाली आला. थोड्या वेळाने तोच दुसरी झारी भरून आणताना दिसला. संध्याकाळी आम्हा मराठी मंडळींना घरी बोलावून मामांनी भिंतीवर चित्रं दाखवली. मामी आत पोहे परतत होत्या. विटा सांधायला डांबर कसं वापरलं, विटेवर राजाच्या नावाचा शिक्का कसा मारला, आणि एखाद्या विटेवर चक्क कुत्र्याच्या पायाचा ठसा कसा आहे, हे सगळं झालं. वीट ओली असताना कुत्रं वरून चालत गेलं असणार. त्या कुत्र्यावर मामा इतका वेळ बोलले की माझे पोहे गार झाले. एकाने घरी जाताना विचारलं, "ते कुत्रं कुठल्या जातीचं होतं, हे राहिलंच की." मामांनी त्याला जिन्यात थांबवून तेही सांगितलं.

एवढं असून मामा गेले नाहीत, कारण मामींशिवाय जायचं नव्हतं. "वाळवंटात बाक नसतो," ते म्हणत. मग त्यांनी मामींच्या मागे लागून दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतली. मामी पुन्हा चालायला शिकल्या, काठीने, मग काठीशिवाय, मग एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनाचा जिना. जर्मनीतून इराकला जाणाऱ्या एका अभ्यास-सहलीत दोघांची नावं घातली गेली, आणि नेमकं तेव्हाच मामांच्या छातीत दुखलं. हृदयाच्या डॉक्टरांकडे ते मामींना सोबत घेऊन गेले. येताना आमच्या दारात थांबून म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, जाऊन या." मामी तोवर पुढे चालू लागल्या होत्या. माझ्या बायकोला मात्र संशय आला आणि लक्ष ठेवायला म्हणून सहलीत माझीही भर पडली.

सहलीत आमच्याखेरीज सगळे जर्मन पेन्शनर. गाइड बगदादचाच, पण जर्मनीत शिकलेला, शांतपणे शब्द निवडून बोलणारा. पहिल्याच दिवशी मामांचं बोट वर गेलं तेव्हा मला त्याची दया आली. बॅबिलोनला पोचेपर्यंत अर्धी बस मामांच्या बाजूला आणि उरलेली अर्धी मामींच्या चिवड्याच्या बाजूला झाली होती. तिथे दाराशी त्या निळ्या वेशीची नवी, लहान प्रतिकृती उभी आहे. मामा पुढे सरसावले. "आल्झो, मोमेंट. खरी वेस आमच्याकडे आहे, बर्लिनला. मी तिच्यातून गेलोय." गाइड म्हणाला, "हो. मी पण. तिकीट काढून." मामांचं बोट हवेतच राहिलं आणि मग हळूच खाली आलं. त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. रात्री जेवताना मामींना म्हणाले, "अगं, त्याचं बरोबर आहे."

आणि मग ऊर आलं. रस्ता संपतो, सपाट माती सुरू होते आणि मधोमध तो विटांचा डोंगर. मामा बसमधून उतरले ते टोपी काढूनच. मला वाटलं आता प्रवचन होणार, पण ते सरळ जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अहो," मामी मागून म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"जाऊन या म्हणाले."

"आणि पुढे?"

मामांनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

"जाऊन या, पण चढायचं नाही, असं म्हणाले होते. मी तिथेच बसले होते."

मी मामांकडे पाहिलं. चोरी पकडलेल्या शाळकरी मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. इतके दिवस मामींनी ताकास तूर लागू दिली नव्हती. आधी बोलल्या असत्या तर मामा म्युनिकहून निघालेच नसते, हे त्यांना माहीत होतं. "अगं, एवढ्यासाठी तर आलो," मामा म्हणाले. मामी त्यांच्याजवळ गेल्या. त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून पायथ्याच्या सावलीत ठेवली, आपली पर्स ठेवली, माझीही बॅग मागून घेतली.

"तुम्ही बसा इथे. मी बघून येते."

मामा बसले. मला वर जायचा धीर होईना. मीही त्यांच्या शेजारी बसलो. मामी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, साडीच्या निऱ्या एका हाताने सावरत वर गेल्या. मामांनी संत्रं काढलं, अर्धं सोललं आणि तसंच हातात धरून वर बघत राहिले. माथ्यावर मामी पोचल्या तेव्हा त्यांनी हात केला. मामांनी संत्र्याचा हात वर केला.

खाली यायला त्यांना आणखी वेळ लागला. येऊन बॅगांशेजारी टेकल्या, पाणी प्यायल्या आणि मग सांगायला लागल्या. "पायऱ्या फार उंच नाहीत, पण वरच्या जरा झिजल्यात. कठड्याऐवजी धरायला डाव्या हाताला भिंत आहे. वर देऊळबिऊळ काही नाही हो. मोकळं आहे, गच्चीसारखं. वारा मात्र छान, समोरून येतो. पापड घातले असते तर अर्ध्या दिवसात वाळले असते. लांबवर हिरवं दिसतं, नदी तिकडेच असेल. तुमची ती पाणी जायची भोकं पण बघितली. आणि गंमत म्हणजे येताना एका विटेवर कुत्र्याचा पाय उमटलेला दिसला. ओली असताना गेलं असेल मेलं वरून."

पोहे गार होईपर्यंत ऐकलेलं ते कुत्रं. मी मामांकडे बघायचं टाळलं.

"हो का?" मामा म्हणाले. "हे मला माहीत नव्हतं."

तेवढ्यात गाइड आमच्याकडे आला. बहुधा बस निघायची वेळ झाली होती. तो बोलायला तोंड उघडतो तोच मामांचं बोट वर गेलं. "आल्झो, मोमेंट," ते त्याला जर्मनमध्ये म्हणाले, "माझ्या बायकोचं अजून सांगून झालेलं नाही." मग मामींकडे वळून त्यांनी उरलेलं संत्रं सोलायला घेतलं.

"हं," ते म्हणाले. "पुढे?"