मांडवाची घरपट्टी

आमच्या गल्लीतल्या आक्का लेकीच्या लग्नाचा अल्बम पाहुण्यांना दाखवत नसत. तो घेऊन त्या घरपट्टीच्या कचेरीत जात. दिसेल त्या टेबलासमोर पान उघडून म्हणत, "ह्यो बघा तुमचा मानूस. माझ्या गच्चीवर जिलेबी खायलाय."

गोष्ट खरी होती. ऐन लग्नाच्या दिवशी घरांची मोजणी करणारा कर्मचारी दारात आला. कार्याच्या घरून कुणी उपाशी जाऊ नये म्हणून आक्कांनी त्याला गच्चीवरच्या पंगतीत बसवलं. तो पोटभर जेवला आणि लिहून गेला : वरचा मजला, भाडेकरूंसह. कापडाच्या मांडवाचा मजला झाला आणि सोयगावच्या वऱ्हाडाचे भाडेकरू! बिल दुपटीच्या वर गेलं. ते चुकीचं आहे म्हणून भरलं नाही, तर नवऱ्यामागं शिवणकाम करून राखलेल्या घरावर जप्तीची नोटीस आली.

सल्ले द्यायला गल्ली तयारच होती. कुणी म्हणालं, दंडमाफीची योजना येईल, थांबा. आक्का उसळल्या, "माफी? म्या काय चोरी केली?" कचेरीबाहेरचा दलाल चहापाण्यात मिटवून द्यायला निघाला, त्याला त्यांनी भर रस्त्यात झाडलं. वकील म्हणाला, कोर्टात जाता येईल, पण आधी बिल भरावं लागेल. "मंजी आदी लुटून घ्यायचं अन् मंग फिर्याद करायची व्हय?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

शेवटी त्यांनी जुन्या दरानं होणारी घरपट्टी भरली, उरलेल्या रकमेवर लेखी हरकत घेतली आणि फेरमोजणी मागितली. "मला सूट नगं, भाऊ. गच्चीवर या अन् मजला दाखवा." गच्चीवर यायला मात्र कुणाला सवड नव्हती. साहेब मीटिंगला, साहेब निवडणुकीच्या कामाला, साहेबांची बदली. आक्का गुडघे धरून कचेरीचा जिना चढत राहिल्या. एक कारकून म्हणाला, "मावशी, जाऊ द्या ना, सगळेच भरतात." "समदे भरतेत म्हनून तर तुमचं फावतंय," आक्का म्हणाल्या.

एकदाची सुनावणीची तारीख लागली आणि तिच्या आधीच छातीत कळ येऊन आक्का गेल्या. दिवसकार्यात आम्हाला तारखेची शुद्ध राहिली नाही. मग पत्र आलं : अर्जदार गैरहजर, हरकत फेटाळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेलपाटे घालून जिनं चपला झिजवल्या, ती गैरहजर!

त्यांची लेक अबोल. माहेरी आली तरी तिचा आवाज शेजारी आम्हाला ऐकू येत नसे. पत्र वाचून तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चला, काका." कचेरीत साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "आता वारस म्हणून नव्यानं अर्ज करावा लागेल."

"करते की," ती म्हणाली. सगळी कचेरी ऐकत होती. "पर आदी ह्ये 'गैरहजर' खोडा. माय मेली हाय माझी. जित्ती व्हती तवर रोज हितं हजर व्हती, तुमीच नव्हता."