आकाशताईंचा धूमकेतू

तारांगणात दिवे मालवले की घुमटाखाली जो आवाज यायचा, तो ताईंचा. ग्रहांची ओळख त्या अशी करून द्यायच्या, की जणू सगळे त्यांचे धाकटे दीर. लोक त्यांना आकाशताईच म्हणत.

मग नवे साहेब आले. ताईंचा आवाज जुनाट झालाय म्हणाले, स्वतःचा मधाळ आवाज रेकॉर्ड केला आणि ताईंना मागच्या कोनाड्यात यंत्रापाशी बसवलं. ताई तोंडावर हसल्या. घरी गेल्यावर भांड्यांची खैर नव्हती. डूख धरला तो धरलाच.

धूमकेतू सूर्याजवळ सुसाट धावतो आणि लांबच्या टोकाला रेंगाळतो, हे साहेबांना पाठ होतं. पण रेंगाळणं बघून लोक जांभया देतात, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग त्यांनी दोन वाक्यांत उरकला होता. यंत्र बिचारं नियमाने चालायचं आणि आवाजाच्या मागे पडायचं. शेवटी आकाशाचं हसं नको म्हणून ताईच दर खेळाला बटण फिरवून धूमकेतूला पुढे ढकलायच्या.

साहेबांची सासरची मंडळी पहिल्या रांगेत येऊन बसली, त्या दिवशी ताईंनी हात मांडीवर ठेवले.

"पाहा, आला सूर्याजवळ. काय ही घोडदौड," मधाळ आवाज घुमला. धूमकेतू तिकडे टोकाला, जेवून शतपावली घालावी तसा.

"कुठाय हो घोडा?" सासूबाईंनी विचारलं. अख्खा घुमट हसला.

साहेब अंधारात ठेचकाळत कोनाड्यात आले, रेकॉर्डिंग बंद केलं आणि धूमकेतूला ढकला म्हणून गयावया करू लागले.

"मी कोण ढकलणार? सूर्य ओढेल तसा येईल."

"मग माईक घ्या. काहीतरी बोला, ताई."

"जुनाट आवाजात?"

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. उद्यापासून तुम्हीच बोला, असं साहेब पुटपुटले.

"रोज?"

"रोज."

"हेच माईकवर सांगा. सासूबाईंना ऐकू जाईल असं."

साहेबांनी सांगितलं. मध पार आटला होता. ते जायला वळले, तशी ताईंनी त्यांची बाही धरली.

"थांबा की. तो सूर्यापाशी पोचेपर्यंत इथेच उभे राहा."

आणि माईक ओठांशी नेऊन, कसलीही घाई न करता, त्यांनी लांबच्या टोकापासून बोलायला सुरुवात केली.