पेटीमागचं सूप

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी चौथी शिकलेली. नाशकात लोकांच्या घरी जाऊन धान्य निवडून द्यायचे. तिच्या प्रोजेक्टच्या सरांचं घरही त्यातलंच, पण हे मी तिला सांगितलं नव्हतं.

प्रोजेक्ट होता 'फ्रॅक्शनल फुरिअर ट्रान्सफॉर्म'चा. फाइलवर रोज वाचून ते नाव मला पाठ झालं होतं. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती मोठ्याने घोकत होती, "रडारचा सिग्नल चढत्या शिट्टीसारखा असतो. वेळेच्या बाजूने पाहिला तर गोंगाटात पसरलेला, कंपनांच्या बाजूने पाहिला तरी पसरलेलाच. दोन्हींच्या मधल्या नेमक्या कोनातून पाहिला की एका जागी गोळा होतो. तेवढा उचलायचा आणि परत सरळ करायचा."

मी समोर सुपात तांदूळ घोळत होते. ती एकदम थांबली.

"आई, परत कर तसं."

मी सूप तिरपं करून हलवलं. खडे एका कडेला आले.

"हेच गं! सपाट धरलं तर खडे मिसळलेले, उभं धरलं तर सगळंच खाली. उद्या चल माझ्याबरोबर, सूप घेऊन. सगळ्यांसमोर असंच घोळून दाखव."

"सूप घेऊन कॉलेजात? अगं, हसतील."

"हसू देत. मला कुठे जमतं? मी घोळलं की निम्मे तांदूळ चिमण्यांना."

मी हो म्हणाले. पण सकाळी सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांनी मला ओळखलं तर सगळ्यांसमोर काय म्हणतील? मी सूप पत्र्याच्या पेटीमागे सरकवलं. "शेजारणीने नेलंय," म्हणाले, "आणि माझं डोकंही दुखतंय." ती तांदूळ आणि सुपाऐवजी स्टीलचं ताट घेऊन गेली. गुळगुळीत ताटात खडे वेगळे होत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मी तिला जाऊ दिलं.

संध्याकाळी आली ती दमून. "ताट तिरपं केलं आणि सगळं टेबलावर. पोरं लय हसली. सर म्हणाले, हे सुपाचं काम आहे. आमच्याकडे निवडायला एक बाई येतात, त्यांचा हात बघायला हवा होतास तू."

घरचे कपडे काढायला तिने पेटी पुढे ओढली, तर मागचं सूप आडवं पडलं.

"दुपारी देऊन गेली शेजारीण," मी म्हणाले.

तिने सूप उचललं, झटकलं, खुंटीला अडकवलं.

"बरं झालं," म्हणाली, "उद्या तुला कामावर लागेल."